रस्सीखेचीत मालवणी बोलू नये

संपादकांचा फोन आला तेव्हा मी फणसवाडीतल्या आमच्या घरी वाल सोलत बसले होते. "मॅडम, इतकी वर्षं कॉलेजातल्या पोरांना खेळवलंत, काहीतरी क्रिकेटबिकेटचं लिहा ना," म्हणाले. मी म्हटलं, क्रिकेटचं लिहायला अर्धी मुंबई टपून बसली आहे, मी रस्सीखेचीचं लिहीन. पलीकडून मग हळूच आवाज आला, "म्हणजे ते... गणपतीत बायकांच्या स्पर्धा असतात ते?" हो, तेच ते. संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा यांच्यामध्ये उरलेल्या वेळात उरकतात ते. माझं सगळं नोकरीचं आयुष्य त्यात गेलं आणि मजेत गेलं.

परळच्या एका कॉलेजात मी जिमखाना सांभाळत असे. बाहेरच्यांना वाटतं, रस्सीखेच म्हणजे दणकट बायकांनी दोराला लटकून आरडाओरडा करणं. यातला आरडाओरडा तेवढा खरा. एका बाजूला आठ जणी असतात आणि आठींचं मिळून वजन ठरलेल्या मर्यादेत बसावं लागतं, त्यामुळे नुसत्या दणकटपणाला कुणी विचारत नाही. ओढायचं असतं टाचांनी. आठ जणींनी एका वेळी श्वास घ्यायचा, एका वेळी टाच रोवायची, आणि एकीचा ताल चुकला की उरलेल्या सात जणी मातीत. शेवटच्या मुलीला अँकर म्हणतात. तिच्या काखेतून दोर पाठीवरून पलीकडच्या खांद्यावर येतो आणि काही झालं तरी तिने आपली जागा सोडायची नाही. दोराच्या मधोमध लाल फडकं बांधलेलं असतं, ते आपल्या बाजूच्या रेघेपर्यंत आणलं की फेरी जिंकली. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा संघ विजयी. चेंडू नाही, बॅट नाही, हेल्मेट नाही, आणि म्हणूनच प्रायोजकही नाही.

संघ जमवायचा म्हणजे दरवर्षी घरोघरी समजूत घालणं आलं. एकदा दादरहून एका मुलीच्या आई मला भेटायला आल्या. कडक इस्त्रीची साडी, पर्स मांडीवर घट्ट धरलेली. म्हणाल्या, "मॅडम, दोर ओढून ओढून हिचे खांदे रुंद होतील हो. उद्या ब्लाउज कसे बसायचे?" मी म्हटलं, "अहो, माप शिंप्याने बदलायचं, खांद्यांनी कशाला बदलायचं?" बाई हसल्या नाहीत, पण मुलगी हसली आणि दुसऱ्या दिवशी सरावाला हजर झाली. पुढे तिच्या लग्नात तिने मला स्टेजवर ओढून मुद्दाम ब्लाउज दाखवला. झकास बसला होता.

आणि वजनाची ती सकाळ! ऐन स्पर्धेच्या दिवशी कॉलेजचा वजनकाटा रुसला. आमची कॅप्टन होती प्रणाली तांडेल, शिवडी कोळीवाड्यातली. आई लालबागच्या बाजारात मासळी विकायची आणि आवाज पोरीने आईचा घेतला होता. ती म्हणाली, "मॅडम, टेन्शन कशाला घेता? माझा काका गोदामात आहे, चला." शिवडीला बंदरालगतच्या गोदामांत पोत्यांचे मोठे काटे असतात. त्यावर आम्ही आठही जणींना एकदम चढवलं. हमाल काम सोडून बघायला लागले. त्यातल्या एका वयस्क माणसाने अगदी गंभीरपणे विचारलं, "बाई, हा माल जाणार कुठं?" प्रणाली काट्यावरूनच ओरडली, "फायनलला!" वजन मात्र जास्त भरत होतं. कानातली उतरवली, कडी उतरवली, शेवटी बूट काढले, तरी काटा ढिम्म. मग त्या हमालानेच माझ्याकडे बोट दाखवलं. आकडा नीट दिसावा म्हणून मी स्वतः एक पाय काट्यावर ठेवून वाकले होते.

पण मला सांगायची आहे ती आमच्या वर्तुळाच्या विस्ताराची गोष्ट. वर्तुळ म्हणजे गिरगावपासून दादरपर्यंतची सहा कॉलेजं, जी रस्सीखेच आपापसांत खेळायची. एका संध्याकाळी सगळं आटपायचं. हरलेल्यांनी जिंकलेल्यांना बटाटेवडे खिलवायचे आणि दिवेलागणीला जो तो घरी. पुढे गिरण्या गेल्या, चाळींचे टॉवर झाले, माणसं कुठल्या कुठे राहायला गेली. मुली कॉलेजात यायच्या त्याच मुळी परत जायच्या घाईत. मुलींचे संघ सहाचे तीनवर आले. तीन संघांच्या स्पर्धेत उपविजेता म्हणवून घ्यायलाही जरा लाज वाटते. आमच्या प्राचार्यांची नजर आमच्या मैदानावर होती. तिथे हिरवी टर्फ टाकून ऑफिसवाल्यांना फुटबॉलला द्यायची त्यांची इच्छा होती. मला म्हणाले, "राऊत मॅडम, तीन संघांसाठी मैदान किती दिवस अडवायचं? स्पर्धा मोठी करा, नाहीतर बंद करा."

मोठी करायचं ठरलं. उरण, अलिबाग, पालघरच्या कॉलेजांना विचारलं, ती आनंदाने तयार झाली. आणि मालवणजवळच्या एका कॉलेजाने न विचारताच कळवलं की आम्हीही येणार.

यावर आमची सभा भरली ती गिरगावच्या कॉलेजात, पेंडसे सरांच्या जिमखान्यात. पेंडसे सर म्हणजे आमच्या वर्तुळातले नियमांचे राखणदार. उपासाचा साबुदाणासुद्धा नियमाप्रमाणे चावतील असा माणूस, पण मनाने स्वच्छ. ते म्हणाले, "उरण-अलिबाग एक वेळ समजू शकतो. बोटीने येतील, बोटीने जातील. पण मालवण? अहो, गिरगाव-दादरच्या स्पर्धेत मालवण कुठून आलं?"

"सर, लालबागच्या कुठल्याही चाळीत शिरा आणि गाव विचारा," मी म्हटलं. "मालवण केव्हाच आलेलं आहे. आपण फक्त दोर द्यायचाय."

सगळे हसले, पेंडसे सर सोडून. त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असंही नाही. रात्रभर बसमध्ये अवघडून यायचं आणि सकाळी दोर ओढायचा, वर तास बुडणार, चाचण्या बुडणार. शेवटी तोडगा निघाला. मालवणला एक वर्ष ट्रायलवर घ्यायचं. हमी राऊत मॅडमची. आणि पेंडसे सरांनी पक्षपात वाटू नये म्हणून स्वतःच अट घातली, "या वर्षी जे कॉलेज मैदानावर नियम मोडेल ते वर्तुळाबाहेर. मग ते कुठलंही असो. अपवाद नाही." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढ्या साध्या खेळात नियम मोडणार तरी कोण आणि कसा?

मी हमी दिली होती, म्हणून संघ बघायला मालवणकडे जाऊन आले. त्यांची कॅप्टन दीक्षा कुबल हीच त्यांची अँकर. बारीक चणीची, उन्हाने रापलेली, हसली की डोळे नाहीसे होणारी मुलगी. त्या आठींतल्या सहा जणी किनाऱ्यावरच्या घरांतल्या, लहानपणापासून रापण ओढलेल्या. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकून येतात आणि मग अख्खा वाडा वाळूत उभा राहून दोन्ही टोकांचे दोर ओढतो. आमच्या मुली सरावाला कॉलेजच्या कडुनिंबाला दोर बांधून ओढायच्या. या मुली समुद्र ओढत होत्या.

निघताना दीक्षा मला एसटी स्टँडपर्यंत सोडायला आली. म्हणाली, "मॅडम, बाबा म्हणतत, टीम आसा तवसर कॉलेज. नायतर मामाच्या हाटेलात गल्ल्यार बसूचा." त्यांच्या प्राचार्यांनीही स्पष्ट सांगितलं होतं की मुंबईवाल्यांनी ठेवलं तरच मुलींचा संघ राहील, नाहीतर आटोपला कारभार. मला येताना बसमध्ये झोप लागली नाही. आपण एका सभेत विनोद करून हमी देऊन मोकळे होतो आणि कुणाचं तरी कॉलेज त्यावर टांगलेलं असतं.

ते वर्ष मात्र काय धमाल गेलं! पेंडसे सरांच्या मुली अलिबागच्या वाळूत ओढायला उतरल्या आणि घोट्यापर्यंत रुतल्या. त्यांच्यातली एक ओरडली, "सर, इथं रोवलेली टाच सापडत नाहीये!" पालघरच्या मुली डब्यात तांदळाच्या भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी आणायच्या, ती खाऊन आमच्या शाकाहारी घरातल्या दोघी बाटल्या. घरी सांगू नका म्हणून मला शपथ घातली, म्हणून इथे नावं देत नाही. मालवणच्या मुली मुंबईत आल्या की लालबाग-परळला आमच्या मुलींच्या घरी उतरायच्या. पहिल्या दिवशी दीक्षाने मान वर करून टॉवर बघितला आणि विचारलं, "हंय कोण रवता गो?" प्रणाली म्हणाली, "माझ्या आजोबांची गिरणी होती इथं. आता कोण राहतं ते लिफ्टला विचार."

सगळ्यात मोठा गोंधळ भाषेचा. मालवणी प्रेक्षक 'ओढा'ला 'वडा' म्हणतात. पहिल्याच सामन्यात लालबागची मंडळी "वडा गो, वडा!" असं बेंबीच्या देठापासून ओरडायला लागली, तेव्हा गिरगावची तीन पोरं उठून स्टॉल शोधायला गेली. मग आमच्या मुलींच्या तोंडी 'गो' बसलं, त्यांच्या तोंडी 'टेन्शन नको घेऊ' बसलं. प्रणाली आणि दीक्षा रोज फोनवर भांडायच्या, कुणाच्या समुद्रातला बांगडा चांगला यावरून.

गेलं तेही सांगते. एका संध्याकाळी आटपणारी, हरलेल्यांनी वडे खिलवायची आमची ती सुटसुटीत स्पर्धा संपली. आता वेळापत्रकं, बसगाड्या, कुणाची परीक्षा कधी याचे व्हॉट्सॲपवर तंटे. दादरच्या कॉलेजाला एवढा प्रवास झेपेना, त्यांनी वर्षाच्या मध्येच संघ काढून घेतला. आमच्या उरलेल्या तीन कॉलेजांतलं आणखी एक कमी झालं याचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं.

आणि फायनलला समोरासमोर कोण, तर आमचं कॉलेज आणि मालवण. परळला, आमच्याच मैदानावर.

प्रणालीचं हे कॉलेजातलं शेवटचं वर्ष होतं. आधीच्या दोन फायनल ती हरली होती आणि कपासाठी तिचा जीव तुटत होता. मीही मनातून तिच्याच बाजूची. पण हमी माझी मालवणची. घरी नवरा म्हणाला, "तू नक्की कुणाच्या बाजूने टाळ्या वाजवणार?" मी म्हटलं, एक हात इकडचा, एक हात तिकडचा. तो म्हणाला, "मग वाजेल खरी टाळी."

संध्याकाळी मैदानावर येऊन बघते तर तुडुंब गर्दी. लालबाग, काळाचौकी, करी रोड, सगळीकडून चाळीच्या चाळी उतरल्या होत्या. मला भरून आलं. आमच्या कॉलेजसाठी एवढी माणसं कधीच आली नव्हती. तेवढ्यात गर्दीतून घोषणा उठली, "व्हडीत कोण, मालवण! गाडीत कोण, मालवण!" सगळीच्या सगळी गर्दी पाहुण्यांची! आजोबा, आज्या, कॉर्पोरेट ऑफिसात जाणारी नातवंडं, सगळे गावच्या चेडवांसाठी, म्हणजे पोरींसाठी, आलेले. आमच्या बाजूला प्रणालीची आई आणि तिच्या शिवडीच्या चार मैत्रिणी, बस. प्रणालीने चौफेर बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, खरं सांगा, इथं पाहुणे ते की आपण?"

त्यातून आमचे सावंतमामा. सावंतमामा म्हणजे आमच्या मैदानाचे माळी. त्यांचा जन्म मालवणकडचा, तरुणपणी गावी रापण ओढलेली, मग जन्मभर आमच्या कॉलेजात. त्या दिवशी त्यांनी छातीला आमच्या कॉलेजचा बिल्ला लावला होता आणि डोळे सतत समोरच्या संघावर. मी विचारलं, "मामा, कुणाकडून?" म्हणाले, "बाई, माका इचारू नका. सकाळपासून जेवाक गेला नाय."

पंचांनी शिट्टी फुंकली. रस्सी उचला. ताण घ्या. स्थिर. खेचा!

पहिली फेरी मालवणने जिंकली, आणि इतक्या सहज की आमच्या मुलींना दम लागायलाही वेळ मिळाला नाही. दुसऱ्या फेरीत प्रणालीच्या मुलींनी जीव खाऊन धरलं. लाल फडकं मध्येच थरथरत उभं. मग हळूहळू ते मालवणच्या बाजूला सरकायला लागलं. एक वीत, दोन विती. गर्दी बेभान झाली. आणि त्याच वेळी सावंतमामांचं भान सुटलं. पोटातलं सगळं कोंडलेलं मालवण एका आरोळीत बाहेर आलं, "मागलो फुडे ये रेऽऽऽ!"

आता ही आरोळी काय ते सांगते. रापण ओढताना माणसं पाठमोरी मागे मागे सरकत जातात. मागची वाळू संपली की शेवटच्या गड्याने दोर सोडायचा, धावत पुढे पाण्यापाशी जायचं आणि तिथे नव्याने दोर धरायचा. मग आता जो शेवटचा उरला तो, मग त्याच्या पुढचा. असं ते रहाटासारखं फिरत राहतं. तेव्हाची ही हाक. किनाऱ्यावरचं मूल ती ऐकतच मोठं होतं, ऐकली की पाय आपोआप पळतात.

दीक्षाने दोर सोडला. अँकरने! खांद्यावरून झटकला, वाऱ्यासारखी पुढे पळत आली आणि लाल फडक्याजवळ दोर धरून ओढायला लागली. तिच्या पाठोपाठ सातवी सुटली, पुढे आली. मग सहावी. आणि मौज अशी की ताण क्षणभरही ढिला पडला नाही. पुढे आलेली प्रत्येक जण नव्या जोमाने ओढत होती. आमच्या आठी जणी तोंडं वासून, दोराला लटकलेल्या, थेट जाळ्यातल्या बांगड्यांसारख्या सरकत रेघेपलीकडे गेल्या. प्रणाली ओरडत होती, "अगं ए, हे काय करताय? ए दीक्षा! अगं आम्ही मासे आहोत का?"

पंचांच्या तोंडातून शिट्टी खाली पडली. गर्दी हसून हसून एकमेकांच्या अंगावर कोसळत होती. मी हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. मग मला दीक्षाचा चेहरा दिसला आणि हसू तिथेच विरलं. तिला आत्ता कळलं होतं आपण काय केलं ते. ती सावंतमामांकडे बघत होती आणि मामा दोन्ही हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होते.

पंचांनी फेरी आम्हाला दिली. दुसरा निर्णय शक्यच नव्हता. अँकरने जागा सोडली, नियम मोडला. एक-एक बरोबरी. पेंडसे सर शांतपणे माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "राऊत मॅडम, आपलं काय ठरलंय?"

"सर, अहो, ती सवय आहे. खोटेपणा नाही त्यात."

"खोटेपणा नाही हे मलाही दिसतंय. पण अट नियमाची घातली होती, हेतूची नव्हती. सामना पूर्ण होऊ दे. मग मालवण बाहेर."

 अट मीही मान डोलावूनच मान्य केली होती. त्या क्षणी मला आमच्या वर्तुळाचा, दोराचा, पेंडसे सरांचा आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःच्या विनोदबुद्धीचा राग आला. दीक्षाला काय सांगायचं हे जुळवत मी तिच्याकडे निघाले, तर ती जागेवर नव्हती. मैदानाच्या कोपऱ्यात सरावाचा जुना दोर पडलेला असतो, तिथे दोन्ही संघ घोळका करून उभे होते. प्रणाली म्हणत होती, "परत करून दाखव ना गो! सुटायचं नक्की कधी?" आणि दीक्षा डोळे पुसत शिकवत होती, "मागे जागा संपली, पाठीक काय लागला, की सोडूचा नि फुडे पळाचा. इचार करूचो नाय. इचार केलंस की जाळा मागे जाता." आमची अँकर स्नेहल, परळच्या डॉक्टरांची अभ्यासू मुलगी, तिने तर ते तीनदा घोटून पाठ केलं. सोळा मुली गोल गोल पळत होत्या, खिदळत होत्या. मी ओरडले, "अगं, फायनल चालू आहे! कप कुणाला हवाय की नको?"

तेवढ्यात लाउडस्पीकरवर पंचांची घोषणा झाली. माझ्या सगळ्या नोकरीत अशी घोषणा मी पुन्हा ऐकली नाही. "प्रेक्षकांना नम्र विनंती आहे की तिसऱ्या फेरीच्या वेळी कृपया कुणीही मालवणी बोलू नये."

लालबागची ती गर्दी, जी विसर्जनालाही गप्प बसत नाही, ती चिडीचूप झाली. बायकांनी पदर तोंडावर धरले. सावंतमामांनी गळ्यातला टॉवेल गोळा करून स्वतःच्या तोंडात कोंबला. एक छोटी नात "आजी..." म्हणाली तर आजीने तिचं तोंड दाबलं. काय सांगावं, मालवणीत म्हणाली असली तर!

तिसरी फेरी. सोळा जणींचे श्वास आणि टाचांखाली मातीचा आवाज, बाकी काही नाही. फडकं हलेना. दीक्षाने दोर अंगाला असा आवळला होता की आता तोफ डागली तरी ती सुटली नसती. मी प्रणालीकडे बघत होते. तिचे दात आवळलेले, गळ्याच्या शिरा ताठ, आणि फडकं आमच्याकडे सरकलं. खरंच सरकलं! एक पाऊल. आणखी एक. आमच्या मुली ताल धरून मागे मागे चालल्या होत्या. रेघ हातभरावर आली. प्रणालीच्या आईने देवाचं नाव घेत डोळे मिटले. माझ्या मनात एकच होतं, पोरीला कप मिळतोय, मिळतोय.

आणि मागे सरकणाऱ्या स्नेहलची पाठ कुंपणाच्या जाळीला लागली.

जागा संपली होती. अभ्यासू मुलगी ती. तिने विचार केला नाही. दोर झटकला, तीरासारखी पुढे पळाली, फडक्यापाशी पोचली आणि पुढे काय करायचं ते आठवेना म्हणून नुसतीच उभी राहिली. मागे उरलेल्या सात जणी अँकर गेल्याबरोबर पत्त्यांसारख्या एकमेकींवर पडल्या. समोरून दोर सरसर ओढला गेला आणि फडकं मालवणच्या रेघेपार झालं.

कुणी हसलंही नाही. आधी कुणाला कळलंच नाही. मग सावंतमामांच्या तोंडातला टॉवेल पडला आणि ते म्हणाले, "ह्या वेळाक मी काय एक बोललंय नाय!" मग जो काय हशा उसळला, तो समोरच्या टॉवरमधल्या लोकांनी खिडक्या उघडून बघितला.

पंच पेंडसे सरांकडे गेले. बिचारे साधे गृहस्थ, सभेत ठरलेलं त्यांना माहीत होतं. त्यांनी मनापासून विचारलं, "सर, नियम तर दोघांनीही मोडला. मग आता कुणाला काढायचं?"

पेंडसे सरांनी मैदानाकडे बघितलं. त्यांची अट होती, कुठलंही कॉलेज असो, अपवाद नाही. ते अपवाद करणारे गृहस्थ नव्हतेच. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत की काय. तर सर हसत होते! चष्मा काढून, रुमालाने डोळे टिपत म्हणाले, "दोघांना काढलं तर पुढच्या वर्षी फायनल कोण खेळणार? मी आणि राऊत मॅडम? घातलेली अट मीच मागे घेतो."

मी प्रणालीकडे धावले. ती मातीत बसली होती, तळहात सोललेले, चेहरा लालबुंद. "तिसरी फायनल हरले, मॅडम," म्हणाली आणि ढसाढसा रडली. शेजारी स्नेहल तिच्याहून मोठ्याने रडत होती. मी दोघींना कवेत घेतलं. मलाही रडू आलं, आणि त्याच वेळी दीक्षाचं कॉलेज वाचलं म्हणून आत कुठेतरी आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. असं दोन्हीकडून फाटणं बरं नव्हे, पण त्याहून सुखाची संध्याकाळ माझ्या नोकरीत दुसरी नाही.

दीक्षा आली. कप तिने खाली ठेवला आणि प्रणालीच्या तळहातांवर आपल्या बाटलीतलं पाणी ओतायला लागली. मग भीत भीत माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, म्हणजे आमी रवलाव?"

"तुम्ही राहिलात गं," मी म्हटलं. "आता आम्हाला ठेवायचं की नाही ते तुम्ही सांगा."

तिने आमच्या संघाकडे बघितलं. एक रडतेय, एक बूट शोधतेय, दोघी दोरात अडकलेल्या, त्यांना सोडवायला सावंतमामा आणि पेंडसे सर दोन टोकांनी ओढतायत. दीक्षाचे डोळे नाहीसे झाले.

"ठेवया," ती म्हणाली. "एक वरस ट्रायलार."